तर्कू : एका संज्ञेचा आणि एका वस्तूचा इतिहास

१

शास्त्रीय परिभाषेचा विचार करताना आपण बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबतो : परक्या संज्ञेला आपल्या भाषेत कोणता प्रतिशब्द द्यावा? त्याहून मूलभूत असा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ती संज्ञा तिच्या मूळ भाषेत प्रथम वापरली गेली, तेव्हा तिच्या मागे वस्तू कितपत होती आणि अनुमान कितपत होते? प्रस्तुत लेखात जीवशास्त्रातील एका संज्ञेच्या आधारे या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा असल्याने प्रयोगशाळेतील सूक्ष्म तपशिलात अधिकाराने शिरणे त्याला शक्य नाही. तथापि नाव आणि वस्तू यांच्या संबंधाचा इतिहास पाहण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला आहे, असे मानून हे विवेचन केले आहे.

ही संज्ञा म्हणजे 'तर्कू'. एका पेशीच्या दोन पेशी होताना केंद्रकातील गुणसूत्रांची सारखी वाटणी व्हावी लागते. ही वाटणी ज्या तात्पुरत्या रचनेच्या साहाय्याने होते, ती मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळती असते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन निरीक्षकांनी तिला सूत कातण्याच्या चातीचे नाव दिले. इंग्रजीने व फ्रेंचने आपापल्या भाषेतील चातीचाच शब्द घेतला. मराठीत मात्र 'चाती' किंवा 'टकळी' हे घरगुती शब्द बाजूला ठेवून संस्कृत 'तर्कू' स्वीकारला गेला.

'तर्कू' हा शब्द जुना आहे. यास्काने निरुक्तात ज्या शब्दांमध्ये आद्य व अन्त्य वर्णांची उलटापालट झाली आहे असे सांगितले, त्यांत 'रज्जू' व 'सिकता' यांच्याबरोबर 'तर्कू'चीही गणना केली आहे. कातणे या अर्थाच्या 'कृत्' धातूपासून वर्णविपर्ययाने तो सिद्ध होतो, असा त्याचा अभिप्राय. आधुनिक तौलनिक व्युत्पत्तिशास्त्र यास्काची वाट सोडून पिळणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी त्याचा संबंध जोडते. कोणतीही व्युत्पत्ती घेतली तरी शब्दाच्या पोटात पीळ देण्याची क्रिया आहे. पेशीतील तर्कू मात्र काहीच कातत नाही. चातीवर सूत गुंडाळले जाते; येथे चातीच सुताची बनलेली आहे. म्हणजे नामकर्त्यांनी केवळ आकार पाहिला आणि नाव दिले. ती रचना कशाची आहे, कोण उभारते आणि कशी काम करते, याविषयी नाव मौन पाळते. हे मौन भरून काढण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

२

सन १८७३ ते १८८८ हा या विषयातील नामकरणाचा काळ होय. १८७३ मध्ये हेर्मान फोल याने सागरी प्राण्यांच्या अंड्यांत विभाजनाच्या वेळी दिसणाऱ्या ताराकृतींचे वर्णन केले. १८७५ च्या सुमारास एदुआर्ड श्ट्रासबुर्गर याने वनस्पतींच्या व ओट्टो ब्यूट्श्ली याने प्राण्यांच्या पेशींत तर्कूची आकृती दाखविली. या सर्वांवर कळस चढविला तो कील विद्यापीठातील वाल्टर फ्लेमिंग याने. सॅलॅमँडरच्या डिंभांतील पेशी मोठ्या व पारदर्शक असतात. त्यांवर नवीन निघालेल्या अ‍ॅनिलीन रंगांचा प्रयोग करून त्याने केंद्रकातील रंग पकडणाऱ्या द्रव्याचे धागे प्रत्येक टप्प्यावर रेखाटले. १८८२ च्या आपल्या ग्रंथात त्याने या क्रियेला ग्रीक 'मितोस', म्हणजे धागा, या शब्दावरून 'मायटोसिस' हे नाव दिले. मराठीतील 'सूत्री विभाजन' हा त्याचा सुंदर अनुवाद आहे. १८८८ मध्ये वाल्डेयर याने त्या रंगीत धाग्यांना 'क्रोमोसोम' म्हटले आणि त्याच वर्षी थेओडोर बोव्हेरी याने तर्कूच्या टोकाशी असणाऱ्या बिंदूला 'सेंट्रोसोम', म्हणजे आपण ज्याला तारककाय म्हणतो, ते नाव दिले.

ही सर्व परिभाषा मागावरची आहे, हे वाचकांच्या सहज लक्षात येईल. धागा, चाती, तंतू यांच्या जोडीला ऊतींच्या शास्त्राचे युरोपीय नावही ग्रीक 'हिस्तोस', म्हणजे माग, या शब्दावरून आले आहे. आणि मराठीतील 'ऊती' हा शब्दही विणणे याच अर्थाच्या धातूकडे जातो. रूपकांची अशी एकवाक्यता निरीक्षकाला उपकारक असते, तशीच धोक्याचीही असते. जो सर्वत्र सूत शोधावयास निघतो त्याला सूत दिसू लागते.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. गुणसूत्रे रंग घेत, म्हणून ती निर्विवाद दिसत. तर्कू मात्र त्या रंगांना दाद देत नसे. म्हणून त्या काळी विभाजनाच्या आकृतीचे दोन भाग मानीत : रंग घेणारा आणि रंग न घेणारा. तर्कू दुसऱ्या भागात पडे. म्हणजे वर्गीकरणात त्याला जे स्थान मिळाले, ते एका गुणाच्या अभावामुळे मिळाले होते.

३

नाव रूढ झाले आणि मग शंका उत्पन्न झाली. वर सांगितलेली बहुतेक चित्रे मृत पेशींची होती. पेशी आम्लांत किंवा अन्य रसायनांत बुडवून 'स्थिर' करावयाची, तिचे पातळ काप घ्यावयाचे, ते रंगवावयाचे व मग पाहावयाचे, अशी ही पद्धती. १८९९ मध्ये इंग्लंडात हार्डी याने व जर्मनीत आल्फ्रेड फिशर याने एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखविली. ज्यात कोणतीही रचना नाही अशा साध्या प्रथिनद्रावणावर तीच स्थिरीकरणाची रसायने टाकली, तर त्यातही जाळी, कण व तंतू उमटतात. मग पेशीतील तंतू पेशीचे की रसायनाचे?

हा आक्षेप किरकोळ नव्हता. जिवंत पेशीकडे साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता तर्कूच्या जागी एक स्वच्छ, निराकार प्रदेश दिसे. तंतू दिसत नसत. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत रॉबर्ट चेंबर्स याने काचेच्या अतिसूक्ष्म सुया जिवंत अंड्यांत घालून पाहिल्या. तर्कूचा भाग भोवतालच्या द्रव्याहून घट्ट आहे, एवढे निष्पन्न झाले. परंतु तंतूंची निर्णायक साक्ष मिळाली नाही. लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस जसा रेषारेषांनी मांडला जातो, तशा या केवळ बलरेषा असाव्यात, असे मत मांडणारेही होते. अशा रीतीने सुमारे पन्नास वर्षे एक संज्ञा प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापली जात होती आणि तिचा वाच्यार्थ अस्तित्वात आहे की नाही याविषयी जाणते लोक साशंक होते.

भाषेच्या अभ्यासकाला ही अवस्था अपरिचित नाही. फ्लेमिंग आपली चित्रे काढीत होता त्याच वर्षांत फेर्दिनां द सोस्यूर याने मूळ इंडो-युरोपीय भाषेत कोणत्याही ज्ञात भाषेत न उरलेली काही ध्वनिमूल्ये होती, असे स्वरांच्या व्यवस्थेवरून अनुमान केले. त्याच्या ग्रंथावर १८७९ हे वर्ष आहे. ही मूल्ये खरी की केवळ समीकरणातील अक्षरे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९१५ मध्ये ह्रोझ्नी याने हित्ती भाषेचा उलगडा केला आणि १९२७ मध्ये कुरिलोविच याने त्या भाषेतील एका व्यंजनात सोस्यूरने कल्पिलेल्या मूल्यांपैकी एकाची साक्ष दाखविली. तेथे प्रमाण मिळाले ते मातीच्या विटांवरील लेखांतून. तर्कूच्या बाबतीत उलट होते. मृत साक्ष विपुल होती, हवी होती ती जिवंताची.

४

ती प्रकाशाच्या एका गुणधर्मातून मिळाली. ज्या पदार्थात रेणू एका दिशेने ओळीने मांडलेले असतात, त्यातून ध्रुवित प्रकाश जाताना त्याचे दुहेरी वक्रीभवन होते. अस्ताव्यस्त द्रवात ते होत नाही. १९३७ मध्ये व्ही. जे. श्मिट याने जिवंत पेशींतील तर्कू असे वक्रीभवन दाखवितो, हे आपल्या ग्रंथात नमूद केले. परंतु हा प्रकाश इतका क्षीण होता की त्यातून सलग तंतू ओळखणे शक्य नव्हते.

पुढचे पाऊल शिन्या इनोउए या तरुण जपानी संशोधकाने टाकले. युद्धोत्तर जपानात साधने मिळत नसताना त्याने कात्सुमा दान या गुरूच्या प्रोत्साहनाने ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक स्वतः जुळविला. त्यासाठी मोडीत निघालेल्या मशीनगनची बैठक व दिव्याच्या आवरणासाठी चहाचा डबा वापरला गेला, हे त्याच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. १९४८ मध्ये तो प्रिन्स्टनला गेला. तेथे त्याने उपकरण सुधारले आणि १९५३ मध्ये जिवंत पेशींतील तर्कूतंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली. केटॉप्टेरस या सागरी कृमीची अंडी आणि लिलीच्या परागमातृपेशी ही त्याची मुख्य सामग्री होती. तंतू होते. ते जिवंत पेशीत होते आणि विभाजनाच्या गतीबरोबर बदलत होते. फ्लेमिंगच्या पिढीचे अनुमान सत्य ठरले.

पण इनोउएच्या कार्याचे खरे महत्त्व त्याच्या दुसऱ्या निष्कर्षात आहे. पेशी थंड केली की तंतू काही क्षणांत नाहीसे होत. ऊब दिली की पुन्हा उभे राहत. याचा अर्थ असा की तर्कू एकदा विणून ठेवलेले वस्त्र नव्हे. सुटे घटक आणि जुळलेले तंतू यांमध्ये सतत देवघेव चालू असते आणि तर्कू म्हणजे त्या देवघेवीचा तात्पुरता तोल. इनोउए व सातो यांनी १९६७ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. तिने 'चाती' या रूपकातील ताठरपणा कायमचा काढून टाकला.

दरम्यान १९५२ मध्ये डॅनियल मेझिया व कात्सुमा दान यांनी सागरी अर्चिनच्या अंड्यांतून संपूर्ण विभाजनयंत्रणा अलग काढून दाखविली. थंड अल्कोहोलात पेशी स्थिर करून व बाकीचे द्रव्य विरघळवून त्यांनी तर्कू परीक्षानळीत आणला. जी वस्तू आहे की नाही याचा वाद होता तिचे आता रासायनिक पृथक्करण करता येऊ लागले आणि ती मुख्यतः प्रथिनांची आहे, हे स्पष्ट झाले.

५

कोणत्या प्रथिनाची? याचे उत्तर एका वनस्पतीच्या विषाने दिले. कॉल्चिकम या युरोपीय कंदवनस्पतीतील कॉल्चिसीन हे द्रव्य संधिवातावर जुन्या काळापासून वापरात आहे. आपल्याकडील कळलावीच्या कंदातही तेच द्रव्य आहे. तिचे कंद विषारी म्हणून सर्वज्ञात आहेत ते त्यामुळेच. कॉल्चिसीन दिले की विभाजन अर्ध्यावर थांबते, हे १९३० नंतरच्या दशकात चांगले माहीत झाले होते. आणि ते तर्कू विरघळविते, हे इनोउएने १९५२ मध्ये दाखविले. तेव्हा हे विष ज्या प्रथिनाला चिकटते तेच तर्कूचे द्रव्य असले पाहिजे, असा तर्क शिकागो येथील गॅरी बोरिसी व एडविन टेलर यांनी केला. किरणोत्सर्गी खूण केलेल्या कॉल्चिसीनने त्यांनी १९६७ मध्ये ते प्रथिन हुडकले. आश्चर्य असे की, जेथील बहुतेक पेशी विभाजन पावत नाहीत त्या मेंदूतही ते विपुल आढळले. १९६८ मध्ये हिदेओ मोहरी याने त्याला 'ट्युब्युलिन' हे नाव दिले.

नावातील नळीचा संदर्भ ताजा होता. १९६३ मध्ये ग्लुटारल्डिहाइडचा उपयोग स्थिरीकरणासाठी होऊ लागला. त्याच वर्षी लेडबेटर व पोर्टर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतिपेशींतील पोकळ नलिकांचे वर्णन केले. तर्कूचे तंतू अशाच सूक्ष्मनलिकांच्या जुड्या आहेत. एका नलिकेची बाहेरची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढी असते. तिच्या भिंतीत सामान्यतः तेरा उभ्या लडी असतात. प्रत्येक लड ही आल्फा व बीटा या दोन ट्युब्युलिनांच्या सुमारे ८ नॅनोमीटर लांबीच्या जोड्या एकापुढे एक लागून बनते. जोडीला तोंड व शेपूट असल्यामुळे संपूर्ण नलिकेलाही दिशा असते. तिचे एक टोक झपाट्याने वाढणारे, दुसरे मंद. १९७२ मध्ये रिचर्ड वाइझनबर्ग याने कॅल्शियम काढून टाकलेल्या द्रावणात या नलिका पेशीबाहेर जुळवून दाखविल्या. १९८४ मध्ये टिमथी मिचिसन व मार्क किर्शनर यांनी त्यांच्या स्वभावाचा उलगडा केला : जवळजवळच्या दोन नलिकांपैकी एक वाढत असते आणि दुसरी एकाएकी कोसळते. टोकाशी जीटीपी या ऊर्जावाहक रेणूने युक्त असे ट्युब्युलिन आहे तोवर नलिका टिकते. ते आवरण गेले की ती उलगडत जाते.

६

आता मूळ मौनातील शेवटचा प्रश्न उरला : हा डोलारा उभारतो कोण? बोव्हेरीचे उत्तर तारककाय हे होते. त्याच्या बाजूने पुरावाही भक्कम होता. ज्या अंड्यात दोन शुक्रपेशी शिरतात त्यात तर्कूला दोहोंऐवजी चार टोके येतात आणि गुणसूत्रांची वाटणी विसकटते, हे त्याने १९०२ मध्ये दाखविले. परंतु श्ट्रासबुर्गरच्या काळापासून एक अडचण होती. उच्च वनस्पतींच्या पेशींत तारककाय नसते, तरीही त्यांचा तर्कू उत्तम बनतो.

या अडचणीचा निरास तीन टप्प्यांनी झाला. पहिला टप्पा बीजाचा. ट्युब्युलिनाच्या जोड्या आपण होऊन नवी नलिका सुरू करण्यास नाखूष असतात. त्यांना पाया लागतो. १९८९ मध्ये एका बुरशीत गॅमा ट्युब्युलिन हे तिसरे भावंड सापडले आणि १९९५ मध्ये ते इतर प्रथिनांसह कड्याच्या आकाराची रचना करते, हे उघडकीस आले. हे कडे म्हणजे नलिकेचा साचा. २०२० मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने त्याची घडण रेणूंच्या पातळीवर दिसली. त्यात गॅमा ट्युब्युलिनाचे चौदा घटक शंकूसारख्या वेढ्यात मांडलेले असतात आणि सुटे कडे तेरा लडींच्या नलिकेशी तंतोतंत जुळत नाही; त्याची मांडणी काहीशी विषम व उघडी असते. साचाही जणू वापराच्या वेळीच आकाराला येतो.

दुसरा टप्पा गुणसूत्रांचा. १९९६ मध्ये रिबेका हील्ड व तिच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात केवळ डीएनए चिकटविलेले मणी टाकले. तेथे तारककाय नव्हते. तरी मण्यांभोवती दुटोकी तर्कू उभा राहिला. पुढे कळले की गुणसूत्रांजवळ 'रान' या प्रथिनाचे जे रूप तयार होते ते टीपीएक्स-२ सारख्या बांधलेल्या प्रथिनांना मोकळे करते, आणि मोकळी झालेली ही प्रथिने नलिकांची सुरुवात करून देतात. ज्यांची वाटणी व्हावयाची तीच गुणसूत्रे वाटणीच्या यंत्राला आवाहन करतात.

तिसरा टप्पा स्वतः नलिकांचा. २००८ मध्ये गोशिमा व त्याच्या सहकाऱ्यांनी फळमाशीच्या पेशींत तर्कूतील नलिकांची संख्या वाढविणाऱ्या प्रथिनसमूहाला 'ऑग्मिन' हे नाव दिले. वाढविणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून ते आले आहे. हा समूह आठ प्रथिनांचा असून लांबट, बेचक्यासारखा असतो. तो जुन्या नलिकेच्या अंगाला चिकटतो व गॅमा ट्युब्युलिनाचे कडे तेथे धरून ठेवतो. त्या कड्यातून नवी नलिका फांदीसारखी, लहान कोनात व जुनीच्याच दिशेने वाढते. २०१३ मध्ये साबीन पेट्री हिने सहकाऱ्यांसह बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात हे फुटवे प्रत्यक्ष दाखविले. नव्या फांदीवर आणखी फांदी येते. थोड्या मुळांपासून दाट जुडगा होतो आणि सर्वांची दिशा एक राहते. वनस्पतींना तारककायाची गरज का पडत नाही, याचे उत्तर पुष्कळ अंशी येथे आहे.

एवढ्याने दोन टोके होत नाहीत. त्यासाठी नलिकांवर चालणारी प्रथिने लागतात. कायनेसिन-५ या प्रथिनाला दोन्ही टोकांना 'पाय' असतात. विरुद्ध दिशांच्या दोन नलिका पकडून ते त्यांना एकमेकींपासून दूर रेटते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोनॅस्ट्रॉल या द्रव्याने ते थांबविले, तेव्हा तर्कूऐवजी एकच तारा उरला. डायनीन हे प्रथिन नलिकांची मंद टोके एकत्र ओढते व निमुळते ध्रुव साधते. ज्या आकारावरून १८७० च्या दशकात नाव पडले, तो आकार या ढकलण्या-ओढण्याचा परिणाम आहे.

७

या सर्व इतिहासाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. गुणसूत्रांची वाटणी चुकल्यास पेशीचे वर्तन बिघडते आणि कर्करोगाचे मूळ तेथे असू शकेल, असे बोव्हेरीने १९१४ मध्ये लिहून ठेवले. आज अर्बुदांच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळणे ही नित्याची गोष्ट आहे. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्ब्लास्टीन व व्हिन्क्रिस्टीन ही औषधे ट्युब्युलिनाची जुळणी रोखतात. यू वृक्षापासून मिळालेले टॅक्सॉल उलट मार्गाने जाते. ते नलिका सुटूच देत नाही, हे सुझन हॉर्विट्झ हिने १९७९ मध्ये दाखविले. परिणाम एकच, विभाजन अडते. मात्र याच नलिका मज्जातंतूंतही असल्यामुळे या औषधांनी हातापायांना मुंग्या व बधिरता येते. १९६७ मध्ये मेंदूत सापडलेल्या त्या विपुल प्रथिनाचा अर्थ रुग्णाला असा भोगावा लागतो. म्हणूनच केवळ विभाजनाच्या वेळी लागणाऱ्या प्रथिनांवर नेम धरता येईल काय, हा आजच्या संशोधनातील जिवंत प्रश्न आहे आणि कड्यांच्या व बेचक्यांच्या घडणीचा अभ्यास हा केवळ कुतूहलाचा विषय नाही.

परिभाषेच्या दृष्टीने यातून काय शिकावयाचे? पहिली गोष्ट, संज्ञा ही प्रमेय नव्हे. 'तर्कू' हे नाव दिले गेले तेव्हा त्याच्या मागे एक बाह्याकृती आणि एक अनुमान एवढेच होते; पन्नास वर्षे ते अनुमान संशयाच्या छायेत राहिले आणि ज्यांनी संशय घेतला त्यांनीही शास्त्राची सेवाच केली. हार्डी व फिशर यांनी प्रश्न विचारला नसता, तर जिवंत पेशीत पाहण्याची निकड इनोउएला वाटली नसती. दुसरी गोष्ट, वस्तूचे ज्ञान पालटले तरी नाव टिकू शकते. मात्र त्याचा अर्थ आतून बदलतो. चाती हे ताठ, सिद्ध उपकरण; आजचा तर्कू म्हणजे घटक मिनिटागणिक बदलत असूनही आकार राखणारी व्यवस्था. तिसरी गोष्ट आपल्या भाषेपुरती. 'चाती' घेतली असती तर विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे चरखा उभा राहिला असता आणि आकार चटकन कळला असता. पण कातण्याची कल्पनाही त्याबरोबर आली असती. 'तर्कू' अपरिचित असल्यामुळे त्या कल्पनेपासून पुष्कळसा मुक्त आहे. बोजड म्हणून ज्या संस्कृत संज्ञांवर आपण टीका करतो, त्यांची अपरिचितता कधी कधी अशी उपकारक ठरते. शाळेतील शिक्षकाने मात्र शब्दाची फोड करून चाती एकदा दाखवावी, आणि लगेच ती कोठे फसविते तेही सांगावे.

'तर्कू' आणि 'तर्क' या शब्दांत ध्वनिसाम्य आहे. त्यांचे मूळ एकच असावे असेही काहींनी सुचविले आहे. त्या मताचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु पेशीतील तर्कू आरंभी तर्क होता आणि साक्षीपुराव्याने तो वस्तू झाला, एवढे या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.